हाकेच्या अंतरावरचं कोर्ट

आपल्याकडे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाला सहसा त्याच्या स्वतःच्या गावी नेमत नाहीत. अण्णा मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे सातारा जिल्हा तेवढा सोडून बाकी बराच महाराष्ट्र आमचा नोकरीत फिरून झाला. दर तीन वर्षांनी बदलीचा हुकूम यायचा. मग ट्रक, ट्रकात सगळ्यात वर आईचं शिवणयंत्र, आणि नव्या तालुक्याच्या गावी कोर्टामागचं कौलारू क्वार्टर. आम्ही भावंडं प्रत्येक बदलीला रडायचो. अण्णा म्हणायचे, "बदली आहे म्हणून मला निकाल लिहिता येतो." लहानपणी मला याचा अर्थ कळत नसे.

कळला तो मी आठवीत असताना. एका मोठ्या घराण्याने आपल्या शेतातून जाणारी वस्तीची वाट काटेरी कुंपण घालून बंद केली होती. दावा अण्णांपुढे होता. जागेची पाहणी करायला ते स्वतः गेले आणि संध्याकाळी चपलांना चिखल लावून परत आले. पुढे निकाल दिला की वाट वहिवाटीची आहे, ती मोकळी करा. त्या वर्षी संक्रांतीला आईला हळदीकुंकवाचं एकही बोलावणं आलं नाही. माझ्या शेजारी बसणारी मुलगी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. दूध येत राहिलं, पण दूधवाला फाटकाशी कॅन ठेवून न बोलता जायचा. हे आठ महिने चाललं. नंतर ट्रक आला आणि आम्ही दुसऱ्या गावी गेलो, जिथे कुणी आम्हाला ओळखत नव्हतं.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या मार्चमध्ये मी लेकीकडे अमेरिकेत शार्लटला होते. जावई म्हणाले, "आई, समुद्र बघायला चला," आणि आम्ही साडेतीन-चार तास गाडीने दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटनला गेलो. समुद्र पाहिला. पण मला त्या गावात दुसरं काहीतरी पाहायचं होतं, त्याबद्दल मी आधी बरंच वाचलं होतं. ब्रॉड स्ट्रीट आणि मीटिंग स्ट्रीट जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार इमारती आहेत: सेंट मायकेल चर्च, नगरपालिका, काउंटीचं कोर्ट, आणि पोस्टासकट असलेलं फेडरल कोर्ट. गावचे लोक त्याला कायद्याचे चार कोपरे म्हणतात. फेडरल कोर्टाकडून मीटिंग स्ट्रीटने दक्षिणेकडे निघालं की पाच मिनिटांच्या आत ६१ नंबरचं घर लागतं. हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ. या घरातून त्या कोर्टात ज्युलियस वेटीझ वॉरिंग नावाचे न्यायाधीश रोज जात असत. त्यांना बदली नव्हती. गाव त्यांचंच होतं, आणि थोडंथोडकं नाही, आठ पिढ्यांपासूनचं.

अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची, म्हणजे फेडरल, वेगळी. फेडरल व्यवस्थेत सगळ्यात खाली डिस्ट्रिक्ट कोर्ट. साक्षी तिथे होतात, ज्युरी तिथे बसते, आरोपी तिथे उभा राहतो. तिथल्या न्यायाधीशाची निवड राष्ट्राध्यक्ष करतो, सिनेट तिला संमती देतं, आणि एकदा खुर्चीवर बसला की वर्तन चांगलं असेपर्यंत त्याला कुणी उठवू शकत नाही, त्याचा पगारही कमी करता येत नाही. पण एक अट असते. त्याने आपल्या डिस्ट्रिक्टमध्येच राहायचं. आणि बहुतेक वेळा त्याची नेमणूकही तिथल्याच वकिलांमधून होते. म्हणजे ज्यांच्याबरोबर शाळेत गेला, ज्यांच्या लग्नांत जेवला, त्यांच्याच गावाचा तो न्याय करणार. आपण बदलीची भिंत घालतो, ते आजन्म नेमणुकीची घालतात. दोन्हींमागची भीती एकच असावी. मात्र आजन्म नेमणूक खुर्ची वाचवते, हळदीकुंकू वाचवत नाही.

वॉरिंग यांचा जन्म २७ जुलै १८८० चा. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने लढलेले. मुलगा चार्ल्सटनच्याच कॉलेजात शिकला, वकील झाला, काही वर्षं सरकारी वकील होता, पुढे चार्ल्सटन शहराचा कायदा सल्लागार. गावच्या प्रतिष्ठित मंडळांचा सभासद. १९३८ मध्ये 'कॉटन एड' स्मिथ या सिनेटरच्या निवडणुकीत त्यांनी काम केलं, आणि हा स्मिथ गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड पुरस्कर्ता होता. जानेवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या नेमणुकीने वॉरिंग न्यायाधीश झाले तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. आपल्याकडे या वयाला माणूस निवृत्त होऊन पेन्शनचे कागद नीट लावत असतो. गावाला वाटलं, आपला माणूस आपल्या खुर्चीवर बसला.

त्या वेळचं दक्षिण कॅरोलिना कसं होतं, ते मराठी वाचकाला फार समजावून सांगावं लागणार नाही. पाणी प्यायचा नळ वेगळा, शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी. कोर्टात काळ्या माणसांनी बसायची बाजूही वेगळी. वॉरिंग यांच्या आयुष्यातली पहिली बासष्ट-त्रेसष्ट वर्षं या सगळ्यात काही बिघडलंय असं त्यांना वाटल्याची खूण दिसत नाही. मला या माणसाबद्दल जे वाटतं त्याचं मूळ इथेच आहे. ते जन्मापासून धीट किंवा समतावादी नव्हते. त्यांना ते त्यांच्या कोर्टाने केलं.

सुरुवात पगारापासून झाली. काळ्या शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांहून कमी पगार मिळत असे. १९४४ मध्ये चार्ल्सटनच्या एका शिक्षिकेचा दावा त्यांच्यापुढे आला. वकील होते थर्गुड मार्शल, जे पुढे १९६७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. कायदा स्पष्ट होता, इतर ठिकाणचे निकालही झालेले होते, वॉरिंग यांनी समान पगाराचा हुकूम दिला. त्यात शौर्य नव्हतं. कायदा वाचला आणि लावला, इतकंच. पुढे त्यांनी कोर्टातल्या बसण्याच्या वेगळ्या बाजू बंद केल्या, आणि बेलीफ म्हणून एका काळ्या माणसाला नेमलं.

मग १९४६ उजाडलं, आणि आयझॅक वुडार्ड त्यांच्या कोर्टात आले.

वुडार्ड सव्वीस वर्षांचे सार्जंट होते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर नोकरी करून परतलेले. १२ फेब्रुवारी १९४६ ला जॉर्जियातल्या लष्करी छावणीतून त्यांना सन्मानाने मोकळं केलं गेलं आणि त्याच संध्याकाळी अंगावर गणवेश असतानाच ते घराकडे जायला बसमध्ये बसले. वाटेत लघवीसाठी गाडी थांबवायला सांगितली म्हणून ड्रायव्हरशी वादावादी झाली. बेट्सबर्ग गावात ड्रायव्हरने पोलिसांना बोलावलं. तिथला पोलीसप्रमुख लिनवूड शल याने त्यांना दंडुक्याने मारलं, इतकं की दोन्ही डोळे कायमचे गेले. युद्धातून डोळस परतलेला सैनिक आपल्याच राज्यात, घराच्या वाटेवर आंधळा झाला. त्यांची पत्नी वाट पाहत होती.

प्रकरण देशभर गाजलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या कानावर ते सप्टेंबरमध्ये घातलं गेलं तेव्हा ते हादरले, आणि शलवर फेडरल खटला भरला गेला. खटला कोलंबिया शहरात ५ नोव्हेंबरला, निवडणुकीच्या दिवशीच, वॉरिंग यांच्यापुढे चालला. सरकारी वकिलांनी तो जेमतेम चालवला, तपास धड केलेला नव्हता. ज्युरीतले सगळे बारा गोरे. युक्तिवाद संपले, ज्युरी विचारासाठी आत गेली, आणि वॉरिंग यांनी एक विचित्र गोष्ट केली. ते फिरायला निघाले. कोर्टातल्या अधिकाऱ्याने सांगितलं की ज्युरी पाच मिनिटांत परत येईल. त्यांचं म्हणणं, मी नसेन तर ती कशी येईल? मी वीस मिनिटं येत नाही. म्हणजे एका माणसाचे डोळे गेल्याबद्दल बारा माणसांनी निदान वीस मिनिटं तरी एका खोलीत बसावं, एवढंच न्यायाधीशाच्या हातात उरलं होतं. ते परतले. अर्ध्या तासाच्या आत ज्युरीने शलला निर्दोष ठरवलं. वॉरिंग यांच्या पत्नी एलिझाबेथ त्या दिवशी कोर्टात बसल्या होत्या. त्या रडत बाहेर पडल्या.

अण्णा म्हणायचे, "वरच्या कोर्टात कागद जातो, खालच्या कोर्टात माणूस येतो." अपिलात बसणाऱ्या न्यायमूर्तींपुढे टंकलेली साक्ष असते, पान नंबर असतो. वॉरिंग यांच्यापुढे काळा चष्मा लावलेला, हात धरून पिंजऱ्यापर्यंत आणलेला माणूस होता. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाला बघण्यावाचून सुटका नसते. बघूनही न बघता येतं, हे मला ठाऊक आहे, पुष्कळांना ते आयुष्यभर जमतं. वॉरिंग यांना त्या दिवसानंतर जमेना.

त्यानंतरच्या महिन्यांत घरी एक नेम सुरू झाला. वॉरिंग यांचे डोळे थकत, म्हणून संध्याकाळी एलिझाबेथबाई मोठ्याने वाचायच्या आणि ते ऐकायचे. दक्षिणेबद्दलची, वर्णभेदाबद्दलची जाडजाड पुस्तकं. मध्येच गाडी काढून दोघं आसपासच्या खेड्यांत जाऊन काळ्या लोकांची घरं, शाळा बघून यायचे. सहासष्ट वर्षांच्या न्यायाधीशाने आपलंच राज्य नव्याने पाहायला निघावं, हे चित्र मला त्यांच्या कुठल्याही निकालाइतकं मोठं वाटतं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती लपवली तर मी खोटी ठरेन. एलिझाबेथ या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. पहिल्या पत्नीशी, अ‍ॅनी यांच्याशी बत्तीस वर्षांचा संसार होता, एक मुलगी होती. १९४५ मध्ये वॉरिंग यांनी त्यांना सांगितलं की मला घटस्फोट हवा. दक्षिण कॅरोलिनात तेव्हा घटस्फोट कायद्याने मिळतच नसे, म्हणून अ‍ॅनीबाईंना फ्लॉरिडात जाऊन तो घ्यावा लागला. त्यानंतर लगेच वॉरिंग यांनी उत्तरेकडच्या, आधी दोनदा लग्न झालेल्या एलिझाबेथशी लग्न केलं. गावाने दारं बंद केली ती इथपासून. पुढे त्यांचे शत्रू म्हणत राहिले की गावाने बायकोला आत घेतलं नाही, त्याचा सूड हा माणूस निकालांतून उगवतोय. तारखा पाहिल्या की हे टिकत नाही, शिक्षकांच्या पगाराचा पहिला निकाल घटस्फोटाच्या आधीचा आहे. पण अ‍ॅनीबाईंचं मला वाईट वाटतं, आणि ते कुठल्याही निकालाने भरून येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आपल्याच गावात, आपल्याच नवऱ्याच्या कोर्टाच्या आसपास, घटस्फोटित म्हणून वावरावं लागलं. न्यायाची दृष्टी माणसाला सगळीकडे सारखी येत नाही, घरात तर फार उशिरा येते, कधी येतही नाही.

१९४७ चा निकाल मतदानाबद्दलचा. दक्षिण कॅरोलिनात तेव्हा डेमोक्रॅटिक पक्ष सोडला तर दुसरा पक्ष नावापुरताच. त्यामुळे खरी निवडणूक म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक, आणि तिच्यात काळ्यांना मज्जाव. १९४४ मध्ये टेक्सासमधला असाच प्रकार सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवला, तेव्हा दक्षिण कॅरोलिनाच्या गव्हर्नरने विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून प्राथमिक निवडणुकीचे राज्याच्या पुस्तकातले सगळे कायदे, सुमारे दीडशे, पुसून टाकले. आता कायदाच नाही, म्हणजे सरकारचा संबंध नाही, म्हणजे पक्ष हा खासगी क्लब आणि क्लबात कुणाला घ्यायचं ही आमची मर्जी. कोलंबियातले एक छोटे दुकानदार जॉर्ज एल्मोर यांनी याविरुद्ध दावा लावला. १२ जुलै १९४७ ला वॉरिंग यांनी निकाल दिला की क्लबची ही पळवाट चालणार नाही. त्यात एक वाक्य लिहिलं: "दक्षिण कॅरोलिनाने संघराज्यात पुन्हा सामील होण्याची वेळ आली आहे."

या वाक्याची धार कळायला ते कुठे बसून लिहिलं हे ध्यानात घ्यावं लागतं. १८६० च्या डिसेंबरात संघराज्यातून सगळ्यात आधी फुटलेलं राज्य दक्षिण कॅरोलिना. यादवी युद्धाची पहिली तोफ १८६१ मध्ये झाडली गेली ती चार्ल्सटनच्या बंदरात. त्या बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दक्षिणेकडून लढलेल्या बापाच्या मुलाने हे वाक्य लिहिलं. गावाने ते कधी माफ केलं नाही.

पक्षाने तरीही कावा केला. मतदाराने वेगळेपणाला पाठिंबा देणारी शपथ घेतली तरच मत, असा नियम काढला. १९४८ मध्ये वॉरिंग यांनी तोही मोडला आणि बजावलं की हुकूम न पाळणारा तुरुंगात जाईल. त्या ऑगस्टमध्ये सुमारे ३५,००० काळ्या नागरिकांनी मतदान केलं. एल्मोर यांचं मात्र दुकान बसलं, माल देणाऱ्यांनी माल देणं थांबवलं, पत्नीचं मन त्या छळाने कोसळलं. ते गरिबीत वारले. वॉरिंग यांच्याबद्दल लिहिताना मी हे नाव गाळलं तर चुकेल. न्यायाधीशाचा पगार कुणी थांबवू शकत नव्हतं, दुकानदाराचा गल्ला थांबवता येत होता.

वाळीत टाकणं हा आपला शब्द किती नेमका आहे, ते चार्ल्सटनच्या या पाच-सहा वर्षांकडे पाहिलं की उमगतं. रस्त्यात लोक वॉरिंग यांना ओळख देईनात. आयुष्यभराचे मित्र समोरून आले की पलीकडच्या फुटपाथवर जात. ज्या मंडळांत ते वाढले तिथली दारं मिटली. सख्खा पुतण्या गावच्या वर्तमानपत्रातला मोठा संपादक, आणि त्याची लेखणी विरुद्ध बाजूला. रात्री-अपरात्री फोनवर शिव्या. जानेवारी १९५० मध्ये एलिझाबेथबाईंनी काळ्या स्त्रियांच्या संस्थेत भाषण करून दक्षिणेतल्या गोऱ्यांना आजारी आणि ऱ्हासाला लागलेले लोक म्हटलं, तेव्हा कडेलोट झाला. मार्चमध्ये घराजवळ क्रॉस जाळला गेला, ही तिकडे गोऱ्या वर्चस्ववाद्यांची धमकी द्यायची खूण. ऑक्टोबरमधल्या एका रात्री दोघं दिवाणखान्यात पत्ते खेळत असताना खिडकी फोडून दगड आत आले. पुढे घरावर पहारा बसला. न्यायाधीशांना पदावरून काढा, अशा मागण्या झाल्या, आणि या जोडप्याला राज्याबाहेर जाण्याचं फक्त जायचं तिकीट काढून द्या, असे ठराव विधिमंडळात मांडले गेले.

आपल्याकडेही न्यायखात्यातल्या मोठ्या माणसाला गावाच्या या शिक्षेपुढे उभं राहावं लागलं आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे वादळ उठलं, त्यात महादेव गोविंद रानडे होते. पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेल्या या मोठ्या सुधारकाने मित्रांची अडचण होऊ नये म्हणून अखेर प्रायश्चित्त घेतलं. मी रानड्यांना दोष देत नाही. वाळीत टाकणं काय असतं ते आईच्या त्या संक्रांतीने मला कायमचं कळलंय. आपल्या महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडावं लागलं. वॉरिंग यांच्या बाजूला मात्र असं काही नव्हतं. त्यांच्या घरी आता गावचे काळे शिक्षक, शिक्षिका, कार्यकर्ते जेवायला येऊ लागले. मीटिंग स्ट्रीटवरच्या घराच्या पुढच्या दाराने. त्या काळच्या चार्ल्सटनमध्ये पुढच्या दाराचा केवढा अर्थ होता, ते वेगळं सांगायला नको.

आणि आता क्लॅरेंडन काउंटीचा दावा. वॉरिंग यांचं नाव राहिलं ते याच्यामुळे.

क्लॅरेंडन म्हणजे कापसाचा आणि तंबाखूचा खेड्यापाड्यांचा भाग. गोऱ्या मुलांना शाळेत न्यायला तीस बस, काळ्या मुलांना एकही नाही, आणि काळी मुलं गोऱ्यांहून संख्येने कितीतरी जास्त. काही मुलं शाळेसाठी नऊ-नऊ मैल चालत. १९४९-५० मध्ये तिथे गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च होत, काळ्यामागे ४३. पाद्री आणि शिक्षक जोसेफ डीलेन यांनी पालकांना गोळा केलं. पहिली मागणी फक्त एका बसची होती. लिव्हाय पिअर्सन या शेतकऱ्याने ती कोर्टात नेली. त्याचं शेत कुठल्या शाळा विभागात कर भरतं या तांत्रिक मुद्द्यावर १९४८ मध्ये दावा गेला. मग मोठा अर्ज तयार झाला, त्यावरचं पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज, नौदलात काम केलेले, पेट्रोलपंपावर नोकरी करणारे. अर्जावर सही केली म्हणून त्यांची नोकरी गेली, मोटेलमध्ये साफसफाई करणाऱ्या पत्नी एलायझा यांचीही गेली.

मार्शल यांनी १९५० मध्ये दावा लावला तो जुन्या चाकोरीतला. १८९६ पासून सुप्रीम कोर्टाचं सूत्र होतं की वेगळं ठेवा, पण समान ठेवा. दाव्याचं म्हणणं, समान नाही, ते करून द्या. १७ नोव्हेंबरला खटल्याआधीच्या बैठकीत वॉरिंग यांनी मार्शल यांना सरळ विचारलं की मूळ मुद्द्यालाच हात का घालत नाही? वेगळं ठेवणंच घटनाबाह्य आहे, असा दावा आणा. मार्शल यांची अजून ती तयारी नव्हती, हरलो तर अनेक वर्षं मागे जाऊ ही धास्ती होती. पण न्यायाधीशाला दोन गोष्टी दिसत होत्या. राज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवून त्याला मनाई मागितली की नियमाप्रमाणे एकाऐवजी तीन न्यायाधीशांचं कोर्ट बसणार. आणि त्या तिघांच्या निकालावर अपील मधल्या कोर्टाला वळसा घालून थेट सुप्रीम कोर्टात जाणार. तीनमध्ये आपण एकटे पडणार, हे वॉरिंग यांना पक्कं माहीत असावं. तरी त्यांनी तीच वाट दाखवली. एकट्याने ऐकला असता तर निकाल त्यांच्या मनाजोगता झाला असता, पण मधल्या पायरीवर अडकला असता.

न्यायाधीशाने वकिलाला असं सुचवावं का, हा प्रश्न मला छळतो. अण्णांनी ते कधीच केलं नसतं. ते म्हणत, "पक्षकाराने मागितलं तेवढंच द्यायचं, मागायला शिकवायचं नाही." मी कितीदा या मुद्द्यावर येऊन थांबले आहे. मला वाटतं, अण्णा त्यांच्या जागी बरोबर होते. पण जिथे विधिमंडळ दीडशे कायदे पुसून पळवाट काढतं, जिथे मागणाऱ्याची नोकरी जाते, पाद्र्याच्या घराला आग लागते आणि हे घर गावाच्या हद्दीबाहेर आहे म्हणत बंब नुसते उभे राहतात, तिथे खुर्चीवरचा माणूस किती काळ फक्त कागद वाचत बसणार? डीलेन यांचं घर १९५१ मध्ये असंच जळालं.

२८ मे १९५१. याच चौकातलं कोर्ट, वरच्या मजल्यावरची खोली. क्लॅरेंडनहून माणसं पहाटेपासून येऊन जिन्यांत, ओट्यांवर, बाहेर रस्त्यावर उभी होती. शेतावरचं काम टाकून, जुन्या गाड्यांमधून दाटीवाटीने आलेली. खोलीत मावत नव्हती तरी गेली नाहीत. आतलं बोलणं माणसामाणसांतून जिन्यावर, जिन्यावरून खाली पोचत होतं. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी साक्ष दिली. क्लॅरेंडनमधल्या काळ्या मुलांपुढे त्यांनी गोरी आणि काळी बाहुली ठेवली होती, आणि चांगली कोणती असं विचारल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी गोरीकडे बोट दाखवलं होतं.

जूनमध्ये निकाल आला, दोन विरुद्ध एक. जॉन पार्कर आणि जॉर्ज टिमरमन यांनी सांगितलं, शाळा समान करा, वेगळ्या राहू द्या. वॉरिंग यांनी वीस पानांचं विरोधी मत लिहिलं. त्यातलं "वेगळेपणा हीच मुळात विषमता आहे" हे वाक्य पुढे सगळ्यांच्या तोंडी झालं. मला त्याहून दुसरं आवडतं. त्यांनी लिहिलं की वेगळेपणा चुकीचा असेल तर तो थांबवायची जागा पहिली इयत्ता आहे, मोठी कॉलेजं नाहीत. तोवरचे खटले विद्यापीठांपर्यंतच गेले होते, कारण तिथे गोऱ्या समाजाला कमी झोंबतं. पहिलीच्या वर्गाला हात लावायचं धाडस कुणी करत नव्हतं.

१९५२ च्या फेब्रुवारीत, पूर्ण पगारावर निवृत्त होता येईल इतकी वर्षं भरताच, वॉरिंग यांनी खुर्ची सोडली आणि दोघं न्यूयॉर्कला गेले. आठ पिढ्यांचं गाव सुटलं. १७ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टाने ब्राउन खटल्यात, ज्यात क्लॅरेंडनचा दावाही गुंफलेला होता, एकमताने सांगितलं की वेगळ्या शाळा मुळातच विषम असतात. वीस पानांतलं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं देशाचा कायदा झालं. त्या संध्याकाळी त्यांच्या न्यूयॉर्कच्या घरी स्नेही जमले. सगळे दुसऱ्या गावांचे.

ते ११ जानेवारी १९६८ ला वारले आणि मातीसाठी मात्र चार्ल्सटनला परतले. मॅग्नोलिया स्मशानभूमीत सुमारे दोनशे काळी माणसं होती. गोरी बारा-पंधराही नसतील. एलिझाबेथबाई त्याच वर्षी गेल्या.

आता कोर्टाच्या मागच्या बागेत त्यांचा पुतळा आहे, २०१४ मध्ये बसवलेला. पुढच्या वर्षी शेजारच्या नव्या कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव मिळालं. तिला आधी सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज यांचं नाव होतं. त्यांनी स्वतःच सांगितलं, माझं काढा, वॉरिंगचं लावा. जिवंत माणसाने आपलं नाव इमारतीवरून उतरवायला सांगावं, अशी उदाहरणं मला फार आठवत नाहीत.

६१ नंबरच्या घरासमोर मी थोडा वेळ उभी राहिले. खासगी घर आहे, आत जाता येत नाही. खिडक्या रस्त्याला अगदी लागून, दगड फेकायला लांबून नेम धरायलाही नको. तिथून कोर्टापर्यंत परत चालत गेले. रमतगमत गेले तरी पोचले लगेच. रोज दोनदा एवढाच रस्ता, पण ओळखीचे चेहरे समोरून येणार आणि वळणार. आमच्या आईने आठ महिने काढले. या माणसाने वर्षं काढली, आणि ट्रक येणार नव्हता.

परतताना मी जावयांना म्हटलं, जरा वाकडी वाट करून समरटनवरून जाऊ या. क्लॅरेंडन काउंटीतलं हेच ते गाव. डीलेन शेवटी आमच्या शार्लटलाच येऊन राहिले होते आणि तिथेच वारले, हे मी गाडीत सांगत होते. हॅरी ब्रिग्ज यांना कामासाठी फ्लॉरिडाला जावं लागलं, हेही. नातीने मागून विचारलं, "आजी, त्या मुलांना शेवटी बस मिळाली का?" मी म्हटलं, आधी आईबाबांनी जुनी बस स्वतःच्या पैशांनी घेतली, ती सारखी बिघडायची.

गावाबाहेर पडल्यावर जावयांनी न सांगताच मीटर शून्यावर आणला. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली शेतं, मध्येच पाइनची राई, एखादं घर, पुन्हा शेतं. कुणीच बोलत नव्हतं. नातीचं लक्ष मीटरवर होतं. तीनवर तिने विचारलं, "अजून?" सहावर पुन्हा विचारलं. नऊ झाले तेव्हा जावयांनी गाडी कडेला घेतली, आणि आम्ही सगळे खाली उतरून मागच्या रस्त्याकडे पाहत उभे राहिलो.